अस्वलाकडे सुट्टे पैसे नसतात

सांगलीला मामींच्या ओट्याखाली, तांदळाच्या डब्याशेजारी, एक काळं पिंप आहे. उंचीला दीड वीत, पोटात फुगलेलं. त्याला कान नाहीत, कडी नाही, धरायला साधा कंगोरासुद्धा नाही. हातात घ्यावं तर निसटतं, काखेत घ्यावं तर घसरतं, आणि रिकामंच सव्वा किलो भरतं. कॅलिफोर्नियातला माझा मामेभाऊ एका दिवाळीला ते घेऊन आला आणि परत जाताना लोणच्याच्या बरण्यांना जागा व्हावी म्हणून इथेच सोडून गेला. तिकडे सुट्टी मिळाली की तो पाठीवर तंबू बांधून सिएरा नेवाडाच्या डोंगरात हिंडायला जातो. योसेमिटीच्या रानात असं पिंप जवळ असल्याशिवाय मुक्कामाला जाता येत नाही. त्यात चार दिवसांचं खाणं ठासायचं, झाकण बसवायचं, झाकणाच्या दोन खाचांत नाणं घालून फिरवायचं. मग अस्वलाला ते उघडत नाही.

मामींनी पहिल्याच दिवशी त्याच्याशी झटापट करून पाहिली. "अस्वलाचं राहू दे बाबा, मलाच उघडंना झालंय," म्हणाल्या. मामेभावानं खिशातून रुपया काढला आणि दोन वेढ्यांत झाकण उघडून दाखवलं. मामी थोडा वेळ त्या रुपयाकडे पाहत राहिल्या, मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे अस्वलाकडं सुट्टे पैसे नसत्यात, यावरच सगळं चाललंय की!" माणूस आणि रानटी जनावर यांच्यातल्या फरकावर इतकं नेमकं भाष्य मी अजून कुठल्या जाडजूड ग्रंथात वाचलेलं नाही. पुढे मामींनी त्यात भडंग भरून ठेवलं. पण अस्वलाला दाद न देणारं ते पिंप आषाढातल्या ओलसर हवेला मात्र लगेच वश झालं. चारच दिवसांत भडंग सादळलं. आता त्यात लसूण असतो.

तिकडचे नियम ऐकण्यासारखे आहेत. नुसतं खाणं पिंपात ठेवून भागत नाही; साबण, ओठांना लावायचं मलम, टूथपेस्ट, खाऊन झालेल्या पुड्यांचे कागद, ज्याला म्हणून वास आहे ते सगळं आत जायला हवं. अस्वलाच्या नाकाला टूथपेस्ट म्हणजे पुदिन्याची बर्फीच. पिंप झाडाला बांधायचं नाही, तंबूत घ्यायचं नाही. तंबूपासून चांगलं लांब, सपाट जमिनीवर नुसतं ठेवून द्यायचं. कड्याच्या काठाला नको आणि पाण्याच्या कडेला नको, कारण अस्वल ते ढकलणार, लोळवणार, हे गृहीतच धरलेलं असतं. मामेभाऊ सांगतो, रात्री तंबूत पडल्या पडल्या ते गडगडणं ऐकू येतं. बराच वेळ चालतं. मग एक मोठा उसासा, आणि पावलं दूर जातात. त्या उशाशी नसलेल्या जेवणाची अशी राखण ऐकत झोप कशी लागते, असं मी विचारलं. तो म्हणाला, "उलट त्या उसाशानंतरच लागते."

हे सगळं ऐकताना मला साताऱ्याच्या जुन्या घरातलं शिंकं आठवत होतं. माजघराच्या आढ्याला एक लोखंडी कडी होती आणि तिला काथ्याचं शिंकं लोंबायचं. त्यात सायीचं पातेलं, कधी लोण्याचा गोळा, कधी सकाळची उरलेली आमटी. घरात एक मांजर होतं, म्हणजे ते आमचं होतं असं आम्ही समजायचो. त्या मांजराची उडी आजीला तोंडपाठ होती. ते फडताळावर चढायला शिकलं तेव्हा शिंकं हातभर पलीकडच्या कडीला गेलं. खुंटीवरून झेपावता येतं हा शोध त्याला लागला तेव्हा खुंटी निघाली. अनेक वर्षं चाललेला तो एक मूक बुद्धिबळाचा डाव होता, आणि दोन्ही खेळाडूंना एकमेकांविषयी मनातून आदर होता. शिंक्याची उंची ठरवताना आजी आणखी एक माप धरायची, ते पाटावर पाट रचून चढणाऱ्या नातवंडांचं. त्या बाबतीत मांजर आणि आम्ही एकाच वर्गात होतो.

शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, ही म्हण ज्या घरात जन्मली असेल तिथे त्या रात्री ताकाला दही उरलं नसणार. आपल्याकडे तर एका खोडकर मुलानं शिंक्यापर्यंत हात पोहोचवला त्यातून केवढी मोठी भक्ती उभी राहिली! दहीहंडी हा खरं पाहता फसलेल्या साठवणीचा उत्सव. गोकुळातल्या एकाही गवळणीकडे नाण्यानं उघडायचं पिंप नव्हतं, हे आपलं भाग्य.

अमेरिकेतही आधी शिंकंच होतं. फांदीवरून दोर टाकायचा, दोन्ही टोकांना सारख्या वजनाच्या पिशव्या बांधायच्या आणि त्या मधोमध तोलून लटकत ठेवायच्या. तिथल्या काळ्या अस्वलांनी हा तोल थोडे दिवस पाहिला, मग दोर कुरतडायला सुरुवात केली. मोठ्या अस्वलाला न पेलणाऱ्या बारीक फांदीवर पिलू चढू लागलं. शिंकी तुटू लागली, अस्वलांचं फावू लागलं, आणि म्हणून हे पिंप आलं. त्याचा घेर अस्वलाच्या जबड्यात मावू नये असा आहे, अंग गुळगुळीत ठेवलंय ते नख अडकू नये म्हणून. मांजराच्या उडीवरून जसं शिंकं, तसं जबड्यावरून पिंप. ज्याच्यापासून घास राखायचा, त्याचं अंग, त्याची अक्कल, त्याचा वेळ घालवायचा स्वभाव, हे सगळं आधी मनात उतरवून घ्यावं लागतं. शत्रूचा इतका बारीक अभ्यास माणूस करतो तेव्हा त्याला शत्रू म्हणणंसुद्धा जरा जड जातं.

सांगलीजवळच्या हरिपूरला तर याच्याही खालची तऱ्हा होती. तिथे हळद जमिनीत पुरून ठेवत. कृष्णाकाठच्या त्या मातीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची, कारण तोंड लिंपून टाकलं की आत किड्याला घ्यायला श्वासच उरत नसे. पेव फोडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, दिवा सोडून पाहायचा, तो तगला तर माणूस. किड्यासाठी रचलेल्या सापळ्यात मालकानंच सापडू नये म्हणून ही काळजी. 2005 च्या महापुरात यातल्या कित्येक पेवांत पाणी शिरलं. नदीपासून राखायचं मात्र कुणी मनात धरलेलं नव्हतं. ती तर घरचीच.

एवढा सगळा विचार पाठीवर घेऊन मी वासोट्याला निघालो होतो. बामणोलीहून लाँचनं शिवसागर ओलांडायचा आणि पलीकडे कोयनेच्या अभयारण्यात शिरायचं. वनखात्याची माणसं सामान तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या नि पिशव्या मोजून घेतात, आणि संध्याकाळच्या आत परतायचं असतं. गडावर आता मुक्काम करू देत नाहीत. कोयनेला 1985 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. दक्षिणेला सांगलीच्या अंगाचं चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड, तेव्हा वाघाचा मान मोठा. पण त्या जाळीत अस्वलं आहेत, आणि मला उत्सुकता होती ती त्यांची. माझ्या पिशवीत चपातीची भाजीभरली गुंडाळी होती, शेंगदाण्याची चटणी होती, कंदी पेढे होते. मामेभावाच्या हिशेबानं हा ऐवज पिंपात हवा होता.

लाँचवाल्याला मी विचारलं, डब्याच्या वासानं अस्वल येतं का हो? त्यानं सुकाणूवरचा हात न काढता माझ्या पिशवीकडे पाहिलं. "पाव्हणं, त्याला तुमच्या चपातीचं काय करायचंय? वाळवी घावली म्हंजी बास त्याला." क्षणभर मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. साताऱ्याचा कंदी पेढा, आणि त्याच्यापुढे वाळवी!

पण लाँचवाला बरोबर होता. आपलं अस्वल निराळं. त्याच्या वरच्या जबड्याचे मधले दोन दात नसतातच. त्या फटीतून ते वारुळातली वाळवी ओढून घेतं, आधी फुंकर मारून माती उडवतं, मग जोरात चोखतं, आणि त्या वेळी नाकपुड्या मिटून घेतं, म्हणजे धूळ आत जायला नको. त्याचं ते हुपहुपणं शंभरेक मीटरवरून सहज ऐकू येतं म्हणतात. ओठ लांब, नखं कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी, अंगावर कधी न विंचरलेल्या काळ्या केसांचं जंजाळ, छातीवर पांढुरका अर्धचंद्र. जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं 1791 साली नखांवरून भुलून त्याला झाडाला उलटं लटकणाऱ्या आळशी प्राण्यांच्या गोतात घातलं होतं. आळशी तर ते मुळीच नाही. पोरांना पाठीवर बसवून रात्रभर डोंगर तुडवणाऱ्या आईला आळशी कोण म्हणेल? वाळवी, मुंग्या, मध, उंबरं, जांभळं, बोरं, बहाव्याच्या शेंगा असा त्याचा वर्षभराचा बाजार असतो. त्यातल्या कशालाही झाकण नाही.

आपल्या गडांवरचा खरा चोर वेगळाच. प्रतापगडच्या पायऱ्यांवर, सज्जनगडाच्या वाटेवर, महाबळेश्वरच्या पॉइंटांवर तो राजरोस बसलेला असतो. वानर जरा खानदानी; काळं तोंड, लांब शेपूट, समोर बसून वाट पाहण्याची रीत. लालतोंड्या माकडाला मात्र पिशवीची चेन उघडता येते, बाटलीचं बूच फिरवता येतं आणि पुडा कुठल्या बाजूनं फाडायचा ते आपल्याआधी कळतं. सुट्टे पैसे असते तर मामींचं पिंपसुद्धा त्यानं सोडलं नसतं. आटपाडीकडच्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर रानात बसून वानरांच्या टोळ्या बघत राहिले आणि त्यातून 'सत्तांतर' झालं. 1983 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या राज्यातली उलथापालथ त्यांनी पाहिली. आपण पाहतो ते फक्त त्यांचं आपल्या डब्याविषयीचं धोरण, आणि ते कुठलंही सरकार आलं तरी बदलत नाही.

गंमत अशी की हे दोघंही एकाच सैन्यातले. रामाच्या बाजूनं वानरांबरोबर अस्वलंही लढली, त्यांचा म्होरक्या जांबवंत. मारुतीला त्याच्या बळाची आठवण करून दिली ती त्यानंच. पुढे वाटणी कशी झाली कोण जाणे. मारुतीला गावोगाव देऊळ मिळालं. समर्थांचे अकरा मारुती तर चाफळ, उंब्रज, मसूरपासून बत्तीस शिराळ्यापर्यंत याच मुलखात. वासोट्याच्या माथ्यावरही बिनछपराच्या देवळात मारुती उभा आहे. जांबवंताच्या वाट्याला जंगल आलं. त्याच्या बाजूनं कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

अस्वलाला माणसाच्या खाण्याची चव लागते तेव्हा काय होतं, हे तिकडे लिहून ठेवलेलं आहे. योसेमिटीतल्या अस्वलांनी मोटारींचे दरवाजे वाकवून आतलं खाणं काढायचा सपाटा लावला. कुठली गाडी फोडतात याचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यांची पसंती मिनीव्हॅनला होती. अभ्यासकांनी जी कारणं सुचवली त्यातलं एक मला फार आवडलं. मिनीव्हॅन म्हणजे लेकुरवाळं कुटुंब, आणि लेकुरवाळ्या गाडीच्या सीटखाली काय काय सांडलेलं असतं हे अस्वलांनी ओळखलं असावं. पूर्वेकडे न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक डोंगरात एक लाजरी अस्वलीण होती. कानांत दोन पिवळे बिल्ले, म्हणून तिचं नावच यलो-यलो. एका बनावटीचं अस्वलबंद पिंप तिला उघडता येऊ लागलं. कंपनीनं झाकणाला दुसरी खुंटी बसवली, तीही तिनं सोडवली. माणसांची अख्खी कार्यशाळा एका बाजूला आणि एक अस्वलीण एका बाजूला, असा सामना काही वर्षं रंगला. 2012 च्या हंगामात एका शिकाऱ्याच्या गोळीनं ती गेली. तिला अंगठा नव्हता, पाहून घ्यायला आरेखन नव्हतं, कुणी शाबासकी दिली नाही. आमची आजी असती तर तिनं त्या अस्वलिणीसाठी वाटीभर साय नक्की काढून ठेवली असती, आणि मग शिंकं आणखी वर चढवलं असतं.

मी लहान असताना साताऱ्याच्या पेठेतून दरवेशी यायचा. डमरू वाजला की आम्ही दाराशी. दोरीच्या टोकाला अस्वल, मुसकीवर फडकं, चाल अशी की ते दमलंय की झोपेत चालतंय ते कळू नये. बायका भाकरी आणून द्यायच्या. घाबरट पोरांना त्याच्या पाठीवर बसवायचे, म्हणजे भीती मोडते. एखादी आई ताईतात घालायला केस मागून घ्यायची. मी एकदा अगदी जवळून पाहिलं. भाकरी ते ओठांनी चाचपून, ओली करून, फार सावकाश खात होतं. मला वाटलं, किती शिस्तीचं! त्याचे सुळे काढून टाकलेले असतात, हे बऱ्याच उशिरा कळलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतरही बरीच वर्षं हे दरवेशी गावोगाव फिरत होते. ज्याच्यापासून काहीही लपवायची गरज नव्हती असं ते एकच अस्वल मी पाहिलं. आपल्या बायका हात न आखडता वाढत होत्या, आणि ते चावू शकत नव्हतं.

आजही छत्तीसगडमध्ये महासमुंदच्या बाजूला घुंचापालीच्या चंडीमातेच्या देवळात रानातली अस्वलं प्रसादाला येतात, भाविकांच्या गर्दीत. लोकांना त्याचं कौतुक. मला ते ऐकून बरंही वाटतं आणि थोडी धाकधूकही होते. नारळाची चव लागलेल्या जिभेला वाळवी पुन्हा गोड लागत असेल का?

चांदोलीच्या आत, जिथे आता फक्त वनखात्याची वाट जाते, तिथे गावं होती. धरणासाठी आणि मग रानासाठी ती उठली, खाली सांगली-कोल्हापूरकडे नव्यानं वसली. जाताना माणसांनी भांडी नेली, देव नेले, दाराच्या चौकटीसुद्धा काढून नेल्या. झाडं कशी नेणार? परसातला फणस, बांधावरचा आंबा तिथेच उभा राहिला. उन्हाळा आला की तो फणस पिकतो, फुटतो, वास सुटतो, आणि रात्री अस्वल येऊन गरे खाऊन जातं. सकाळी उरलेलं वानर नेतात. ज्या कुणा म्हातारीनं ती आठळी पुरली असेल, तिनं तेव्हा कोल्हे-वानरं येऊ नयेत म्हणून बुंध्याला काटेरी फांद्या बांधल्या असतील, पोरांना राखणीला बसवलं असेल. आता काटे नाहीत, राखणदार नाही. तिच्या घरच्या फणसाला इतकं मनमोकळं गिऱ्हाईक तिच्या हयातीत कधी मिळालं नसेल.

लाँचमधून उतरताना मी विचारलं, मग अस्वलासाठी काळजी घ्यायची ती कसली? लाँचवाला म्हणाला, "बोलत जावा." त्याचं म्हणणं असं की आपलं अस्वल खायच्या नादात असतं, डोकं वारुळात, कानाला ऐकू येत नाही, तुम्ही गुपचूप जाऊन एकदम समोर उभे राहिलात की ते घाबरतं, आणि घाबरलं की दोन पायांवर उभं राहून अंगावर येतं. माणसाची चाहूल आधी लागली तर आपणहून बाजूला होतं. डबा उघडा ठेवा, तोंडही उघडं ठेवा.

हा सल्ला पाळायला आमच्यासारखी मंडळी शोधूनही सापडली नसती. आम्ही निम्मे साताऱ्याचे, निम्मे सांगलीचे. झाडीत शिरताच सांगलीकरांनी भडंगाचा विषय काढला. जयसिंगपूरचं श्रेष्ठ की सांगलीचं, यावर त्यांच्यातच दोन तट पडले. सातारकरांनी मग, दूध आटवायला येत नाही म्हणून लोक कुरमुरे भाजतात, असं एक विधान केलं. त्यानंतर गडाच्या दरवाजापर्यंत आमचा आवाज खाली आला नाही. उतरताना वाटेच्या कडेला एक वारूळ दिसलं, अर्धं उकरलेलं, माती अजून ओली. जाताना ते तसं नव्हतं. आम्ही सगळे थांबलो, एकमेकांकडे पाहिलं, आणि एक सांगलीकर जरा जास्तच मोठ्यानं म्हणाला, "बरं, मान्य, कंदी पेढा चांगला असतो. पण तुमच्यात फुटाण्याएवढा का वळतात तो?"